एकच उपचार फुकट होता

हे लिहायला मी याआधी तीनदा बसले. तिन्ही वेळा दुसरंच काही लिहून उठले — एकदा आबांविषयी, एकदा आजाराविषयी, एकदा नुसतंच कॉलेजविषयी. जे लिहायचं होतं ते राहूनच गेलं. मायला ते ठाऊक नाही, आबांना नाही, बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित आज जमेल. पण एकदम त्या गोष्टीवर येता येईल असं वाटत नाही. थोडं बाजूबाजूने यावं लागेल — तेवढं समजून घ्या.

आम्ही साक्रीचे. माझे वडील, आबा, आठवडी बाजारांत लहान मुलांचे बूट-चपला विकतात — साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर. माय मुलींच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटते. दोघांचीही शाळा सातवीच्या आत सुटली. कॉलेजात गेलेली मी घरातली पहिली. धुळ्याला बी.एस्सी. करते, रोज एसटीने जाऊन येऊन. आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान माझा भाऊ, कुणाल.

कुणालच्या पोटऱ्या लहानपणापासून भरलेल्या. घरी आलेले पाहुणे त्या दाबून बघायचे आणि म्हणायचे, "पहेलवान व्हयी हाऊ!" माय लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळायची. पोटऱ्या अशा मोठ्या दिसणं हेच त्याच्या आजाराचं लक्षण होतं — आम्हाला कुठून कळणार? पुढे तो जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकायला लागला. स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. पळताना पडायचा. त्याच्या शाळेतल्या बाईंनी आबांना बोलावून सांगितलं, दाखवून घ्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून जळगावला पाठवलं. तिथे एका दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईहून मोठे डॉक्टर येतात.

रक्त बाहेरगावच्या लॅबला गेलं. त्या एका तपासणीत आबांची त्या वर्षीची दिवाळीची सगळी कमाई गेली. महिनाभराने कागद आला. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. जन्मापासूनच जनुकात असलेला दोष. स्नायू हळूहळू झिजत जातात. डॉक्टर शांतपणे बोलत होते. हा आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. परदेशात काही इंजेक्शनं निघाली आहेत, पण किंमत कोटींत, आणि तीही सगळ्या मुलांना लागू पडत नाहीत. कोटी ऐकल्यावर आबांनी नुसती मान हलवली — गिऱ्हाइकाने फारच पाडून भाव मागितला की हलवतात तशी. पुढे विचारलंसुद्धा नाही.

मग आमच्या वाट्याला जे येण्यासारखं होतं ते आलं. रोजच्या गोळ्या. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी. दर काही महिन्यांनी रक्त, हाडं, डोळे. रात्री पायाला बांधायच्या पट्ट्या — प्लास्टिकच्या साच्यासारख्या, मापाने बनवलेल्या. पाय वाढला की नव्या. आणि दर चार महिन्यांनी जळगाव. पहाटेची बस, धुळ्याला बदलायची, दिवसभर दवाखान्यात बाकावर, रात्री परत. त्या दिवशी आबांचा बाजार बुडायचा. औषधापेक्षा बुडालेला बाजार महाग पडतो — ते कुठल्याच बिलात छापलेलं नसतं.

आणि व्यायाम. म्हणजे पाय ताणणं. ते शिकलेल्या माणसाकडून करून घ्यायचं तर एका वेळचे चारशे रुपये, आठवड्यातून निदान तीनदा, आणि साक्रीहून ये-जा वेगळी. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं.

"पोरगी शे ना आमनी. सायन्सनी शे. तिले शिकाडी द्या."

मॅडम हसल्या. "मग फी तिलाच द्यावी लागेल, आबा."

"तिनी फी कॉलेजमा भरेल शे," आबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. त्या दिवशी पहिल्यांदाच हसलो असू.

मी तेव्हा नुकतीच बारावी झालेले. मॅडमनी तीन दिवस शिकवलं. टाच तळहातात धरायची, दुसऱ्या हाताने गुडघा सरळ ठेवायचा, पाऊल वरच्या बाजूला ढकलायचं, तीस अंक मोजायचे. असं दहा वेळा. मग गुडघ्यामागची शीर, मग मांडी. दोन्ही पाय. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. त्यांनी एक वही आखून दिली — तारीख, सकाळ, संध्याकाळ. केलं की त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. "याने तो बरा होणार नाही," त्या म्हणाल्या, "पण टाचा आखडल्या ना, की पायात ताकद असूनही उभं राहता येत नाही. तेवढं आपल्या हातात आहे."

आपल्या म्हणजे माझ्या. त्या सगळ्या आजारात एकच उपचार असा होता ज्याला एक रुपया पडत नव्हता. आणि तो माझ्याकडे दिलेला होता.

आता कळलंच असेल तुम्हाला. तरी मला सांगू द्या — मीच सांगायला हवं.

पहिले सहा महिने मी सगळं केलं. खरंच केलं. जळगावला गेलं की मॅडम कोनमापकासारखं एक साधन त्याच्या घोट्याला लावायच्या आणि म्हणायच्या, छान, जागच्या जागी आहे. मला स्वतःचा अभिमान वाटायचा. मग कॉलेज नीट सुरू झालं. सकाळची पहिली बस धरायची, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. एक दिवस सकाळचं राहिलं. मी ठरवलं, संध्याकाळी दुप्पट करू. संध्याकाळी एकदाच केलं. आणि वहीत दोन खुणा केल्या.

ती पहिली खूण मला आठवते. अगदी सहज झाली ती.

पुढे मी वही बॅगेतच ठेवायला लागले. आठवड्याच्या खुणा बसमध्ये बसून एकदम करायचे. मैत्रीण एकदा वाकून बघत म्हणाली, "कोणाला मार्कं देतेय गं, एवढी भराभर?" मी म्हटलं, "आहे एक ढ विद्यार्थी." दोघी हसलो. त्या दिवशी भरलेला एकही चौकोन खरा नव्हता. आणि आणखी एक — हे लिहिताना मला सगळ्यात लाज वाटते — मी पेन बदलायचे. कधी निळं, कधी काळं. मधले काही चौकोन मुद्दाम रिकामे सोडायचे आणि पुढे लिहायचे, ताप होता. लग्नाला गेलो होतो. सगळेच्या सगळे भरलेले दिसले तर खोटं वाटेल ना? एवढा विचार मी केला. एवढ्या विचारात त्याचा एक पाय ताणून झाला असता.

का केलं असं? अभ्यास होता, प्रॅक्टिकल होतं, प्रवासाने अंग मोडून यायचं. हे सगळं खरं आहे. पण परीक्षा संपली, उन्हाळ्याची सुट्टी लागली, मी महिनाभर घरीच होते — आणि तरी केलं नाही. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. तेही दहापर्यंत मोजून सोडून द्यायचं. म्हणजे अभ्यास हे कारण नव्हतंच. मग काय होतं? मला कंटाळा आला होता. त्याच्या पायांचा, त्या मोजण्याचा, घरातली प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी असण्याचा. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

कुणालला हे माहीत होतं. कसं नसणार, पाय त्याचेच. टाच ताणली की दुखायचं त्याला, डोळ्यांत पाणी यायचं. "ताई, आज नको ना," तो म्हणायचा. सुरुवातीला मी ऐकायचे नाही. नंतर मी त्याच्या त्या वाक्याची वाटच बघायला लागले. त्याने म्हटलं, की माझी सुटका. मी त्याला मोबाइल द्यायचे, अर्धा तास कार्टून. माय आत डोकावली की पटकन त्याचं पाऊल मांडीवर घ्यायचे. तोही शहाण्यासारखा "आई गं" करायचा. माय वसतिगृहातून दमून आलेली असायची. दारातच उभी राहून म्हणायची, "कितलं करस तू, माय!" आणि माझ्यासाठी चहा टाकायला जायची.

त्यात आबांच्या लक्षात आलं. आबा माणसापेक्षा आधी त्याचे बूट बघतात — धंद्याची सवय. एका रविवारी त्यांनी कुणालचे शाळेचे बूट उलटे करून बघितले. पुढचा भाग पार घासून गेलेला. मागे हात फिरवला आणि मायला म्हणाले, "दख, टाच नवीच शे." कुणालची टाच जमिनीला लागतच नव्हती. तो चवड्यांवर चालत होता. मी तिथेच बसले होते, पुस्तक उघडून. आबा मला काही विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. वही होती ना.

जळगावला गेलो. मॅडमनी कोन मोजला, परत मोजला. चेहरा उतरला त्यांचा. मग वही मागितली. मी दिली. त्या पानं उलटत गेल्या — आठ महिन्यांची पानं — आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, घरचा व्यायाम पूर्ण आहे." डॉक्टरांनीही वही हातात घेतली. माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉलेज करून हे सगळं? शाब्बास." मॅडमनी त्या पानांचा फोटो काढून घेतला. बाहेर बाकावर फैजपूरकडची एक बाई बसली होती, मांडीवर तशाच आजाराचा मुलगा. मॅडमनी तिला तो फोटो दाखवला. "ही मुलगी बघा, साक्रीहून येते. रोज करते. तुम्हाला का जमत नाही?" त्या बाईने मान खाली घातली. मला अजून तिचं खाली घातलेलं डोकं दिसतं. कदाचित ती माझ्याहून जास्त करत असेल. जे केलं तेवढंच खरं लिहीत असेल.

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथे, त्या बाकासमोर. एक वाक्य पुरलं असतं — मॅडम, मी नाही केलं. काय झालं असतं? रागावल्या असत्या. आबांनी मान खाली घातली असती. पण डॉक्टरांना खरं कळलं असतं. कारण त्यांनी मग जे ठरवलं ते त्या वहीवरून ठरवलं. व्यायाम पूर्ण, तरी टाचा आखडतायत — म्हणजे रात्रीच्या पट्ट्या नीट बसत नसतील, नव्या करू. म्हणजे गोळी पुरेशी पडत नसेल, बदलू. नवी गोळी आधीच्या गोळीच्या कितीतरी पट महाग. पट्ट्या नाशिकहून बनवून आल्या. आबांचे आठवड्याचे चार बाजार होते, त्यांचे सहा झाले. पहाटे बुटांची गाठोडी बांधताना त्यांच्या कमरेतून आवाज यायचा. मी ऐकायचे आणि पांघरूण ओढून घ्यायचे. जे दुरुस्त करायला ते सहा गावं फिरत होते, ते माझ्या दोन हातांनी बिघडवलेलं होतं. निदान त्यातलं काही तरी.

मग तरी मी सुधारले का? पंधरा दिवस. मग पुन्हा तेच. याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. एकदा खोटं पचलं की भीती वाढायला हवी ना? माझी कमी झाली.

नऊ वर्षांचा असताना कुणाल शाळेच्या पटांगणात पडला. मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते काढल्यावर आबांनी त्याला दोन्ही काखांत धरून उभं केलं, आणि त्याचे पाय जमिनीला टेकले — फक्त अंगठ्यांनी. आबांनी हात जरा सैल केला, तर तो घडी पडल्यासारखा खाली आला. तीन-चारदा करून बघितलं. मग आबा म्हणाले, उद्या बघू. तो उद्या पुन्हा आलाच नाही. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत त्याला निळा फेटा बांधून आमच्या गल्लीतल्या पोरांबरोबर चालायचं होतं. तो आबांच्या खांद्यावर बसून गेला, आणि लवकर घरी चला म्हणाला.

या आजारात असं होतंच, सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाले. आणि ते खरं आहे. त्याचं चालणं कधीतरी थांबणारच होतं. पण कधी? मी एकदा मॅडमना फोन केला. कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारते असं सांगितलं — बघा, तेव्हाही खोटंच. विचारलं, समजा एखाद्या घरी व्यायाम झालाच नाही, तर फरक किती पडतो? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही गं. कोणाचं सहा महिने, कोणाचं वर्ष-दीड वर्ष लांबतं. कोणाचं काहीच नाही." पुढे म्हणाल्या, "तू ते मनाला लावून घेऊ नकोस. तू तर सगळं केलंस."

वर्षभर म्हणजे किती, ते मला घरात रोज दिसतं. वर्षभर तो स्वतःच्या पायांनी संडासला गेला असता. आता आबा नेतात, आबा बाजाराला गेलेले असले की माय, माय नसली की मी. दहा वर्षांचा आहे तो. मी दार लोटून घेते आणि भिंतीकडे बघत उभी राहते, आणि तो म्हणतो, "ताई, अजून थोडं तिकडे बघ."

आता मी रोज व्यायाम करून घेते. सकाळी आणि संध्याकाळी, तीसपर्यंत मोजून. चालण्यासाठी आता त्याचा उपयोग नाही. पाय फार वाकडे होऊ नयेत, दुखू नये, एवढ्यासाठी. वहीत आता कोणी बघतही नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. माझ्या मांडीवर त्याचं पाऊल होतं. तो छताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "ताई, माझ्यामुळेच झालं ना हे?"

मी म्हटलं, "काय?"

"मीच रोज नको नको म्हणायचो. तू करायला यायची आणि मी रडायचो." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "आबांना नको सांगू हां. त्यांचे किती पैसे गेले."

तो आठ वर्षांचा होता तेव्हा, आणि मी अठरा वर्षांची. त्याला दुखत होतं म्हणून तो नको म्हणायचा. मला ते बरं वाटायचं म्हणून मी ऐकायचे. हे मी त्याला त्या क्षणी सांगू शकत होते. घरात कोणी नव्हतं. तो ऐकायला तयार होता — त्यानेच तर विचारलं होतं. मी मोजत राहिले. सत्तावीस, अठ्ठावीस. तीस झाले तरी पाऊल सोडलं नाही.

"सॉरी ताई," तो म्हणाला.

आणि मी म्हटलं, "जाऊ दे रे. नाही सांगत आबांना."

त्याचा चेहरा हलका झाला. मी त्याला माफ केलं होतं.